कलाकाराला हात न लावता: चित्रीकरणस्थळी लेपल माइकचे ट्रान्समीटर दुरून हाताळण्याची पद्धत

मेणवलीच्या वाड्यात चित्रीकरण चालू आहे. आजीची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीने नऊवारी नेसली आहे, लेपल माइक (कपड्यांना लावायचा छोटा माइक) पदराखाली चोळीच्या कडेशी बसवला आहे आणि त्याचा आवाज रेडिओने पाठवणारा ट्रान्समीटर कमरेला, काष्ट्याच्या आत पट्ट्याने बांधला आहे. तालमीत हळू आवाजात बोललेले वाक्य प्रत्यक्ष टेकमध्ये त्या ओरडून म्हणतात आणि आवाज फाटतो. आता ट्रान्समीटरवरचे गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण, कमी करायचे, तर ड्रेसदादांना किंवा ताईंना बोलवायचे, आडोशाला जायचे, नऊवारी सैल करायची, एक बटण दाबायचे आणि सगळे पुन्हा जागच्या जागी बसवायचे. यात पंधरा मिनिटे सहज जातात, वाड्याच्या चौकातला प्रकाश सरकतो आणि त्या अभिनेत्रीने मोठ्या कष्टाने साधलेली मनःस्थिती मोडते. ट्रान्समीटर दुरून हाताळण्याच्या सोयीचे खरे मोल मला या तिसऱ्या गोष्टीत वाटते. सिंक साउंडच्या, म्हणजे चित्रीकरणाबरोबरच आवाज टिपण्याच्या, खात्यात नव्याने आलेल्या सहायकांसाठी ही पद्धत येथे क्रमाने मांडत आहे.

पहिली पायरी: आपल्या हाती कोणती व्यवस्था आहे ते ओळखा

दुरून हाताळण्याचे तीन मार्ग आज प्रचलित आहेत आणि त्यांची बलस्थाने व दोष इतके वेगळे आहेत की एकाची सवय दुसऱ्याला लावली, तर हमखास गोंधळ होतो.

पहिला मार्ग आवाजाचा आहे. लेक्ट्रोसॉनिक्सच्या एसएम आणि एलटी या मालिकांतील ट्रान्समीटर आपल्याच माइकमधून आदेश ऐकतात. फोनवरील लेक्ट्रोआरएम हे ॲप एक विशिष्ट, किलबिलल्यासारखा सूर वाजवते; तो सूर माइकमध्ये शिरला की ट्रान्समीटर त्यातील संकेत ओळखून गेन बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलतो, बटणे कुलूपबंद करतो, झोपी जातो किंवा जागा होतो. यासाठी वेगळा रेडिओ, अँटेना किंवा जोडणी यांपैकी काहीच लागत नाही. परंतु हा संवाद एकतर्फी आहे. ट्रान्समीटर ‘आदेश मिळाला’ असे फोनला कळवू शकत नाही.

दुसरा मार्ग स्वतंत्र रेडिओ दुव्याचा आहे. झॅक्सकॉमची झॅक्सनेट, शूअरची शोलिंक आणि साउंड डिव्हायसेसची नेक्सलिंक ही त्याची उदाहरणे आहेत. झॅक्सनेट आणि शोलिंक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. माइकचा आवाज नेहमीप्रमाणे यूएचएफ या रेडिओ पट्ट्यातून रिसीव्हरकडे (तो सिग्नल पकडणाऱ्या यंत्राकडे) येतो आणि आदेश या निराळ्या वाटेने ट्रान्समीटरकडे जातात, त्यामुळे साउंड कार्टवरून (ध्वनियंत्रे ठेवलेल्या गाड्यावरून) न उठता दूरच्या कलाकाराचा ट्रान्समीटर हाताळता येतो. भाड्याने सामान आणताना येथे एक काळजी घ्यावी. शूअरच्या ॲक्सियंट डिजिटल मालिकेत एडी आणि एडीएक्स असे दोन प्रकारचे ट्रान्समीटर येतात आणि शोलिंक फक्त एडीएक्स प्रकारात आहे. यादीत ‘ॲक्सियंट डिजिटल’ एवढेच लिहिलेले असेल, तर नेमका प्रकार विचारून घ्या. सेटवर पेटी उघडल्यावर ते कळून काही उपयोग नसतो.

तिसरा मार्ग ब्लूटूथचा. साउंड डिव्हायसेसचा ए२०-मिनी किंवा डेइटीचा थिऑस यांसारखे ट्रान्समीटर फोनवरच्या ॲपमधून हाताळता येतात. यात ट्रान्समीटरची स्थिती पडद्यावर दिसते, ही मोठी सोय आहे, पण कपड्यांखाली आणि शरीराला चिकटून असलेल्या ट्रान्समीटरशी ब्लूटूथचा संपर्क फार लांबवर टिकत नाही. फोन घेऊन कलाकाराच्या आसपास जावे लागते, एवढे गृहीत धरूनच काम आखावे.

याशिवाय रिसीव्हरवरून इन्फ्रारेड किरणांनी ट्रान्समीटरला फ्रिक्वेन्सी देण्याची सोय अनेक संचांत असते. तिला दूरनियंत्रण समजण्याची चूक नवखे करतात. दोन्ही यंत्रे समोरासमोर, हाताच्या अंतरावर धरावी लागत असल्याने तिचा उपयोग सकाळी टेबलावरच संपतो. ट्रान्समीटर कपड्यांत गेला की ती वाट बंद होते.

दुसरी पायरी: टेबलावरची तयारी

कलाकार मेकअप करून येण्यापूर्वी सगळे ट्रान्समीटर टेबलावर मांडा आणि प्रत्येकाच्या मेन्यूत दूरनियंत्रण चालू आहे का ते पाहा. आवाजाच्या सुरांनी चालणाऱ्या ट्रान्समीटरमध्ये ही सोय बंद ठेवता येते आणि मागच्या युनिटने ती बंद केलेली असू शकते. ती तशीच राहिली, तर दिवसभर कितीही सूर वाजवले तरी ट्रान्समीटर ढिम्म हलत नाही.

झॅक्सनेटसारखा रेडिओ दुवा असलेल्या संचात प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःचा ओळख क्रमांक द्यावा लागतो. दोन ट्रान्समीटरना एकच क्रमांक राहिला, तर नायकासाठी पाठवलेला आदेश नायिकेचा ट्रान्समीटरही पाळतो. कारखान्यातून आलेला मूळ क्रमांक आणि मूळ चॅनेल कधीही तसाच ठेवू नका. गोरेगावच्या चित्रनगरीसारख्या ठिकाणी शेजारच्या सेटवर तुमच्यासारखाच संच असणे अगदी शक्य आहे.

ट्रान्समीटरला नाव देताना अभिनेत्याऐवजी पात्राचे नाव द्यावे, असे माझे मत आहे. रेकॉर्डरच्या ट्रॅकवर आणि संहितेत पात्राचेच नाव असते. घाईच्या वेळी डोक्यात एका नावाचे दुसऱ्या नावात भाषांतर करावे लागू नये. ‘आजी’, ‘तात्या’, ‘सुमन’ अशी आखूड नावे पडद्यावर पटकन वाचता येतात.

यानंतर प्रत्येक आदेश एकदा टेबलावरच देऊन पाहा: गेन दोन पायऱ्या वर, दोन पायऱ्या खाली, झोप, जाग. शेवटी बटणांना कुलूप लावा. कमरपट्ट्याखाली दाबले जाणारे बटण स्वतःहून सेटिंग बदलते आणि तो दोष शोधायला फार वेळ जातो.

तिसरी पायरी: फ्रिक्वेन्सींचा आराखडा

फ्रिक्वेन्सी दुरून बदलता येते म्हणून सकाळचा आराखडा ढिला ठेवणे हा आळस महागात पडतो. आधी सर्व ट्रान्समीटर बंद करा किंवा झोपवा, मगच रिसीव्हरने परिसर स्कॅन करा. ट्रान्समीटर चालू असताना स्कॅन केल्यास स्वतःचेच सिग्नल परके म्हणून दिसतात.

निवडलेल्या फ्रिक्वेन्सींमध्ये समान अंतर ठेवू नका. दोन ट्रान्समीटर जवळजवळ आले की त्यांच्या मिश्रणातून नव्या, नको असलेल्या फ्रिक्वेन्सी जन्माला येतात. एक ५२०.० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा ५२०.४ मेगाहर्ट्झवर असेल, तर ५१९.६ आणि ५२०.८ या जागा दूषित होतात: एकीची दुप्पट करून तिच्यातून दुसरी वजा केली की हे आकडे मिळतात. समान अंतराचा नियम पाळून तिसऱ्या कलाकाराला ५२०.८ दिले, तर त्याला आपण नेमके त्याच खड्ड्यात ढकललेले असते. दोघे कलाकार लांब उभे असताना सगळे ठीक वाटते आणि मिठीच्या प्रसंगात खरखर सुरू होते, त्याचे कारण बहुधा हेच असते. गणित हाताने करत बसू नये. रिसीव्हरमधील किंवा निर्मात्याच्या ॲपमधील समन्वयाची सोय वापरावी. एक-दोन मोकळ्या फ्रिक्वेन्सी त्याच गणितात बसवून राखीव ठेवाव्यात, म्हणजे दुपारी एखादी बदलायची वेळ आली तर अंदाजाने आकडा टाकावा लागत नाही.

भारतात काम करणाऱ्यांनी जुन्या संचांचा पट्टा तपासून घ्यावा. ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ हे पट्टे मोबाइल सेवेचे आहेत आणि २०२२च्या लिलावात रिलायन्स जिओने तेथील लहरी घेतल्यानंतर त्या पट्ट्यात देशभर ५जी सेवा सुरू झाली. त्या पट्ट्यातला माइक भाड्याने स्वस्तात मिळतो तो यामुळेच. तेथे फ्रिक्वेन्सी दुरून कितीही वेळा बदलली, तरी शांत जागा मिळण्याची शाश्वती नाही.

चौथी पायरी: गेन कधी आणि किती बदलावे

सर्वांत जास्त वापरला जाणारा आदेश गेनचा, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. लेक्ट्रोसॉनिक्सच्या वर सांगितलेल्या ट्रान्समीटरमध्ये माइकचा आवाज हवेत जाण्यापूर्वीच त्याची पातळी ठरते. ती फार जास्त ठेवली तर लिमिटर (पातळीला मर्यादा घालणारी सोय) आवाज दाबून टाकतो, फार कमी ठेवली तर यंत्राचा सुसकारा वर येतो आणि या दोन्हींची दुरुस्ती रिसीव्हरवर किंवा मिक्सरवर करता येत नाही. मिक्सरचा फेडर (पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढल्याने फाटलेला आवाज फक्त लहान होतो, फाटलेलाच राहतो. उलट ए२०-मिनीसारख्या ट्रान्समीटरमध्ये गेन बदलण्याची सोयच ठेवलेली नाही. ट्रान्समीटर कुजबुजीपासून किंकाळीपर्यंतचा सगळा पल्ला पुढे पाठवतो आणि पातळी मिक्सरवर ठरते. आपला संच कोणत्या जातीचा आहे हे ठाऊक नसेल, तर माणूस मुळात नसलेलेच बटण शोधत राहतो किंवा असलेले बटण विसरतो.

तालमीतल्या आवाजावर गेन ठरवू नये. बहुतेक कलाकार तालमीत आवाज राखून ठेवतात. संहिता वाचून ओरडण्याच्या, रडण्याच्या, कुजबुजण्याच्या जागा आधीच हेरून ठेवाव्यात आणि फर्स्ट एडीकडून (पहिल्या सहायक दिग्दर्शकाकडून) शॉट कोणत्या वाक्यापासून कोणत्या वाक्यापर्यंत आहे ते विचारून घ्यावे. गेन एका वेळी ३ ते ६ डेसिबल इतकेच हलवावे. ६ डेसिबल कमी करणे म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज निम्मा करणे, हा बदल कमी नाही.

टेक चालू असताना गेन बदलू नका. त्याच वाक्याचे दोन टेक संकलकाने जोडले की पार्श्वभूमीतला पंखा, पाखरे, रस्ता यांची पातळी मध्येच उडी मारते आणि ती उडी प्रेक्षकाला कारण न कळताही खुपते. ‘कट’ झाल्यावर बदल करावा आणि ध्वनी-नोंदवहीत टेकच्या क्रमांकासमोर लिहावा: ‘आजी, टेक ३ पासून गेन ६ खाली’. डबिंग टाळण्यासाठी संकलनाच्या टेबलावर कोणी रात्री उशिरा झगडत असते, त्याला ही एक ओळ फार उपयोगी पडते.

पाचवी पायरी: सुरांनी आदेश देताना

येथे चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि ती मी स्वतः केली आहे. एका कौटुंबिक प्रसंगात पाच कलाकार ओसरीवर दाटीने बसले होते. जेवणाची सुट्टी होणार म्हणून एकाचा ट्रान्समीटर झोपवायला मी फोनचा आवाज पूर्ण वाढवून सूर वाजवला आणि शेजारच्या दोघांचे ट्रान्समीटरही झोपले. सुट्टी पुढे ढकलली गेली, दिग्दर्शकाने अजून एक टेक मागितला आणि तीन ट्रॅक रिकामे दिसेपर्यंत मला पत्ताच नव्हता. सूर ज्या ज्या माइकला ऐकू जाईल, तो तो ट्रान्समीटर आदेश पाळतो, हे त्या दिवशी पक्के ठसले.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम रेकॉर्डिंग थांबले आहे याची खात्री करून घ्या आणि त्या माइकचा फेडर खाली करा, कारण हा सूर कर्कश असतो आणि दिग्दर्शक, संहिता सहायक हेडफोन लावून बसलेले असतात. मग कलाकाराकडे जाऊन, आपण काय करणार आहोत ते सांगून परवानगी घ्या. माइक छातीवर असतो. अभिनेत्रीच्या बाबतीत फोन ड्रेसताईंच्या हाती द्यावा किंवा त्या अभिनेत्रीच्याच हाती द्यावा, यात वेळ वाचतो आणि अवघडलेपणही येत नाही. ॲपमध्ये नेमके मूल्य आधी निवडून ठेवा, फोनचा स्पीकर माइकपासून वीतभराच्या आत धरा आणि सूर वाजवा. इतर कलाकार दोन पावले लांब असतील तर उत्तम. आवाज शक्य तितका कमी ठेवून सुरुवात करा; जाड शालीखाली माइक असेल, तरच वाढवा. जनरेटर किंवा पाऊस जवळ असेल, तर ट्रान्समीटरला सूर ओळखता येत नाही आणि पुन्हा प्रयत्न करावा लागतो.

आदेश पोचला की नाही हे ट्रान्समीटर सांगणार नाही, तेव्हा ते आपणच तपासायचे. गेन बदलले असेल, तर कलाकाराला एक वाक्य बोलायला सांगून मीटर पाहा. झोपवले असेल, तर रिसीव्हरवरचा सिग्नल गेला पाहिजे. फ्रिक्वेन्सी बदलताना आधी ट्रान्समीटरला सुरांनी नवा आकडा द्या; जुन्या जागेवरचा सिग्नल नाहीसा झाला की आदेश पोचला असे समजा आणि मगच रिसीव्हर नव्या जागी न्या. आधी रिसीव्हर हलवला, तर शांतता कशामुळे आहे हे ठरवता येत नाही.

या कामाचा फोन वेगळा ठेवणे परवडत असेल, तर जरूर ठेवा. नसेल, तर निदान तो एअरप्लेन मोडवर असू द्या. पूर्ण आवाजावर ठेवलेला फोन शांत प्रसंगात वाजला, तर ती चूक साउंडच्या खात्यानेच करावी यासारखी वाईट गोष्ट नाही.

सहावी पायरी: रेडिओ दुव्याने आदेश देताना

येथे कलाकाराजवळ जावे लागत नाही, पण अँटेनाकडे लक्ष द्यावे लागते. मानवी शरीरात पाणी भरपूर असते आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते मोठ्या प्रमाणात शोषून घेते. ट्रान्समीटर पाठीला बांधलेला असेल आणि कलाकाराचे तोंड कार्टकडे असेल, तर पूर्ण शरीर वाटेत येते. पावसाचा प्रसंग असेल, तर भिजलेल्या कपड्यांची भर पडते. आदेशांचा अँटेना माणसांच्या डोक्यांहून उंच स्टँडवर लावावा. लोखंडी ट्रस, व्हॅनिटी व्हॅनची भिंत किंवा मॉनिटरची पाठ यांना तो चिकटवू नये.

याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ आणि कॅमेरा विभागाची अनेक वायरलेस फॉलो फोकस यंत्रे चालतात. ही यंत्रे वापरून कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरशी सकाळीच बोलून कोण कोणत्या चॅनेलवर आहे ते ठरवून घ्या. त्याचा फोकस अडखळला, तर शॉट वाया जातो. तुमचा आदेश अडखळला, तर तो पुन्हा पाठवता येतो. म्हणून जागा सोडायची वेळ आली, तर ती आपण सोडावी.

आदेशांचा दुवा तुटला, तरी माइकचा आवाज तुटत नाही, हे नवख्यांनी लक्षात ठेवले तर घबराट होणार नाही. पडद्यावर बॅटरीचा आकडा गोठलेला दिसला की सहायक धावत सुटतात. आवाज येत असेल, तर टेक होऊ द्यावा.

प्रक्षेपणाची शक्ती दुरून वाढवण्याचा मोह आवरावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तेवढाच सिग्नल मिळण्यासाठी शक्ती चौपट लागते. ५० मिलिवॅटचे १०० केल्याने फार थोडे पदरात पडते आणि बॅटरी मात्र लवकर संपते, शिवाय वर सांगितलेल्या नको असलेल्या मिश्रणांना बळ मिळते. रिसीव्हरचा अँटेना दहा पावले पुढे नेणे हा उपाय बहुतेक वेळा जास्त गुणकारी ठरतो.

सातवी पायरी: झोप, जाग आणि आतले रेकॉर्डिंग

प्रकाशयोजना बदलायला तास लागणार असेल किंवा जेवणाची सुट्टी असेल, तर ट्रान्समीटर झोपवावा. प्रक्षेपण थांबते, बॅटरी वाचते आणि कलाकाराचे खासगी बोलणे हवेत जात नाही. या शेवटच्या कारणाला मी बॅटरीइतकेच महत्त्व देतो. कलाकार फोनवर घरच्यांशी बोलत असेल, तर ते ऐकण्याचा आपल्याला अधिकार नाही. झोपवणे शक्य नसेल, तर फेडर खाली करावा आणि दिग्दर्शकाच्या हेडफोनकडे जाणारी वाटही बंद करावी.

सुरांनी चालणाऱ्या ट्रान्समीटरचा रेडिओ झोपेत बंद असतो, पण कान उघडे असतात, म्हणून तो सुरानेच जागा करता येतो. कलाकार सेटवर परतले की एकेकाला जागे करून रिसीव्हरवर सिग्नल आणि बॅटरी पाहावी. लिथियम बॅटरी बराच वेळ भरलेली दिसते आणि शेवटी अचानक कोसळते, त्यामुळे पडद्यावरच्या पट्ट्यांपेक्षा घड्याळावर विश्वास ठेवून, बॅटरी घातल्याची वेळ लिहून ठेवणे चांगले.

ट्रान्समीटरच्या आतल्या कार्डावर रेकॉर्डिंग होत असेल, तर ते दुरून सुरू व बंद करता येते. काही ट्रान्समीटर मात्र एका वेळी एकच काम करतात: रेकॉर्ड तरी करतात किंवा प्रक्षेपण तरी. अशा ट्रान्समीटरला रेकॉर्डिंगचा आदेश दिला की रिसीव्हर गप्प होतो. बाइकवरून लांब जाणाऱ्या शॉटसाठी हा मार्ग योग्य आहे, पण शॉट संपल्यावर त्याला पुन्हा प्रक्षेपणावर आणण्याची आठवण नोंदवहीत ठळक लिहून ठेवावी. आतले रेकॉर्डिंग दिवसभर चालू ठेवून त्यावर विसंबून राहणे मला पसंत नाही, कारण टाइमकोड (सर्व यंत्रांच्या फाइलींवरची समान वेळेची खूण) जुळवलेला नसेल, तर दहा तासांच्या फाइलमधून एक वाक्य शोधणाऱ्या माणसाची दैना होते. सकाळी आणि जेवणानंतर टाइमकोड जुळवून घ्यावा.

पॅकअपनंतर

‘पॅकअप’ची हाक आली की कलाकारांना घरी जायची घाई असते आणि झोपलेला ट्रान्समीटर बंद असल्यासारखाच दिसतो. तसाच पेटीत गेला तर रात्रभर बॅटरी पीत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर वाजवलेल्या सुराने पेटीतल्या पेटीत जागा होऊन सकाळच्या स्कॅनमध्ये परक्यासारखा दिसू लागतो. म्हणून प्रत्येक ट्रान्समीटर आधी जागा करा, दिवसभरात दुरून बदललेले गेन आणि फ्रिक्वेन्सी नोंदवहीशी ताडून पाहा, कार्डावरील फाइली उतरवून घ्या, बटणाने बंद करा आणि बॅटरी काढून झाकण उघडेच ठेवून पेटीत लावा. नऊवारीखाली दिवसभर घाम शोषलेला पट्टा मात्र पेटीत ठेवू नका. तो रात्री धुऊन वाळत घालावा लागतो, आणि दुसरा धुतलेला पट्टा सकाळच्या कॉलटाइमच्या आधी ड्रेस विभागाकडे द्यावा लागतो.